३५० की ३८३?

शेवरोलेचे ३५० घनइंची व्ही-८ इंजिन १९६७च्या कॅमॅरोत आले. सिलिंडरचा व्यास ४ इंच, स्ट्रोक ३.४८ इंच. जुने इंजिन उघडले की झिजलेले सिलिंडर बहुधा ०.०३० इंच बोअर करावे लागतात. पण तेवढ्याने क्षमता जेमतेम ३५५ होते. खरी वाढ क्रँकशाफ्ट देतो. शेवरोलेच्याच ४०० घनइंची इंजिनाच्या क्रँकचा स्ट्रोक ३.७५ इंच. त्याचे मुख्य जर्नल २.६५वरून २.४५ इंचांवर ग्राइंड केले की तो याच ब्लॉकमध्ये बसतो आणि ३८३ घनइंच, म्हणजे सुमारे ६.३ लिटर मिळतात. कनेक्टिंग रॉड फिरायला ब्लॉक आतून थोडा घासावा लागतो. कमी फेऱ्यांतला टॉर्क वाढतो, आणि रस्त्यावरच्या गाडीला तोच हवा असतो. मात्र मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.७वरून १९ मीटरवर जातो. शिवाय जुनीच सिलिंडर हेड ठेवली, तर वरच्या फेऱ्यांत मोठ्या इंजिनाला हवा पुरत नाही.