क्रूझ कंट्रोल हिसके देऊ लागल्यास...

अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या महामार्गांवर क्रूझ कंट्रोलमुळे चालकाच्या पायाला मोठी विश्रांती मिळते. मात्र १९९०च्या दशकातील डिझेल पिकअप ट्रकमध्ये कधी कधी हीच यंत्रणा सपाट रस्त्यावरही वेग सारखा वाढवू-घटवू लागते. अशा वेळी महागडा इंधन पंप बदलण्याची घाई करू नये.

प्रथम क्रूझ कंट्रोल बंद करून, मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगाने पायाने गाडी चालवून पाहावी. हिसके कायम राहिले तर इंधनपुरवठा, अ‍ॅक्सिलरेटरचा सेन्सर किंवा गिअरबॉक्स यांपैकी कशात तरी दोष असावा. ऑटोमॅटिक गाडीत ओव्हरड्राइव्ह बंद करताच हिसके थांबले, तर संशय टॉर्क कन्व्हर्टरकडे वळतो.

पायाने चालवताना गाडी सुरळीत धावली, तर दोष क्रूझ कंट्रोलमध्येच शोधावा. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे आपोआप निर्वात निर्माण होतो. त्या काळच्या डिझेल इंजिनात हवा अडवणारा थ्रॉटल नसे. म्हणून कमिन्स इंजिनाच्या डॉज रॅममध्ये स्वतंत्र व्हॅक्यूम पंप असे आणि क्रूझ कंट्रोलचा सर्व्हो त्यावर चाले. रबरी नळीला बारीक चीर गेली, तरी सर्व्होची पकड ढिली पडते; वेग घटतो, मग तो जादा ओढ घेतो आणि हेच चक्र सुरू राहते. त्यामुळे नळ्या, त्यांचे जोड आणि केबलमधील सैलपणा आधी तपासावा. त्यानंतर वेग मोजणाऱ्या सेन्सरची जोडणी पाहावी.

दोष दूर होईपर्यंत क्रूझ कंट्रोल वापरू नये. निसरड्या रस्त्यावर तर ते कधीच लावू नये.