ओटा लहान, गोदाम मोठं

परभणीच्या मोंढ्यात अडत्याचं गोदाम कितीही मोठं असो, मापाला ओटा लागतोच. ओटा लहान पडला की पोती सारखी आत-बाहेर. लॅपटॉपचंही तसंच. हार्डडिस्क म्हणजे गोदाम, रॅम म्हणजे ओटा. फक्त लॅपटॉप बंद केला की हा ओटा आपोआप झाडून साफ! ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे वीसेक टॅब उघडले की उरलेला माल डिस्कवर ढकलला जातो आणि यंत्र रांगू लागतं.

नवी रॅम घेण्याआधी तिची पिढी बघा. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना, डीडीआर४ला २६०, डीडीआर५ला २६२. खाचही वेगळ्या जागी. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही, आणि जोर लावाल तर स्लॉटच मोडेल. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते. तिथे हात टेकायचे.

पट्टी बदलताना चार्जर काढा, बॅटरीची जोडणी सोडवा आणि आधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा. आपल्याकडच्या कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होते ना, तेवढी ठिणगीही चिपचा जीव घेऊ शकते. पट्टी तिरकी सरकवून खाली दाबली की दोन्ही क्लिपा टक्‌कन बसतात.