गेममधली दिवाळी : 'इव्हेंट' म्हणजे काय आणि तो संपायची मुलांना एवढी धास्ती का?



दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या पवनी तालुक्यात मुलांच्या तोंडी दोन शब्द सारखे असतात. एक मंडई आणि दुसरा इव्हेंट. मंडई आपल्याला कळते. कोणत्या गावची कधी, दंडार कोणाची, रात्री नाटक कोणतं, पाहुणे किती येणार, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. इव्हेंट मात्र फक्त पोराला कळतो. "इव्हेंट संपून राहिला, पाचच मिनिटं द्या ना," असं तो म्हणतो, आई म्हणते, "कायचा इव्हेंट?" आणि मोबाइल हिसकला जातो. त्यानंतरचं भांडण तुम्ही पाहिलेलंच आहे. हा लेख त्या 'कायचा' या प्रश्नाचं उत्तर आहे.

फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय, क्लॅश ऑफ क्लॅन्स यांसारखे अनेकांनी मिळून खेळायचे ऑनलाइन खेळ फुकट मिळतात. सणासुदीला या खेळांत ठरावीक दिवसांपुरता काही वेगळा मजकूर येतो. दिवाळीला दिवे आणि फटाके, डिसेंबरात बर्फ आणि नाताळचं झाड, ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविनचे भोपळे, मार्चमध्ये रंग. पात्रांना सणाचे कपडे मिळतात, बंदुकीवर नवं रंगकाम चढतं, रोजची काही कामं दिली जातात आणि ती केली की बक्षीस. आठवडा-पंधरवडा झाला की हे सगळं उतरवलं जातं. याला म्हणायचं इव्हेंट.

यात नवीन काय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. आपला तान्हा पोळा घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकांचे लाकडी बैल सजवून पोरं निघतात, घरोघरी बोजारा मिळतो, सजावटीला बक्षीस असतं. वर्षातून एकच दिवस. तो चुकला तर पुढच्या पोळ्यापर्यंत थांबा. थोडक्यात, मर्यादित मुदत, सजावट, घरोघर फिरण्याचं 'काम' आणि त्यावर बक्षीस, हे सगळं आपल्याकडे गेमच्या कितीतरी आधीपासून आहे. म्हणून मुलांना इव्हेंट आवडतो यात बिघडलेपणा काही नाही. सणाची ओढ आहे ती.

फरक कुठे आहे तो बघा. तान्हा पोळ्याची तारीख पंचांग ठरवतं, आणि त्या दिवशी अख्खा गाव मोकळा असतो. इव्हेंटची तारीख कंपनी ठरवते, आणि मूल किती दिवस, रोज किती वेळ आत येईल याचा हिशोब करूनच ठरवते. बैल घरी आणला की तो फळीवर राहतो, पुढे धाकट्या भावाला मिळतो. गेममधला पोशाख कंपनीच्या सर्व्हरवर राहतो. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला त्या खेळाची भारतातली सेवाच थांबली. तोवर पोरांनी जे काही जमवलं होतं ते एका दिवसात कुलूपबंद झालं. पुढे जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आल्यावर जुनं खातं तिकडे नेण्याची सोय मिळाली खरी, पण तो खेळही जुलै २०२२ ते मे २०२३ ॲप स्टोअरमधून गायब होता. 'विकत घेतलं' हा शब्द इथे जरा जपूनच वापरायला हवा.

आता आतली यंत्रणा. ही समजली की मुलाशी बोलणं सोपं होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिला भाग हजेरीचा. सात दिवस रोज आत या, सातव्या दिवशी मोठं बक्षीस. मधला एक दिवस चुकला तर काही खेळांत मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आपण शाळेत शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र देतो, त्याचाच हा भाऊ. दुसरा भाग कामांचा. आज मित्रांसोबत तीन सामने खेळा, उद्या अमुक अंतर चाला. त्यातून टोकन मिळतात, टोकन देऊन वस्तू घ्यायच्या, आणि इव्हेंट संपला की उरलेली टोकन बहुधा बाद. तिसरा भाग चक्राचा किंवा पेटीचा. हिरे किंवा यूसी अशी खेळातली नाणी देऊन चक्र फिरवायचं, काय निघेल ते नशीब. ही नाणी खऱ्या पैशांनी येतात.

दिवस कधी बदलतो हेही बघण्यासारखं आहे. कित्येक खेळांचं घड्याळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवर चालतं, आणि तिथली मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. नरकचतुर्दशीला हाक न मारता उठलेलं पोरगं अभ्यंगस्नानासाठीच उठलं असेल असं धरून चालू नका!

चौथा भाग मित्रांचा, आणि माझ्या मते सगळ्यात बळकट. चौघांची टोळी असते. एक नागपूरला मामाकडे गेलेला, एक भंडाऱ्याला, दोन इथेच. एकाने मोबाइल बंद केला तर तिघांचं काम अडतं. आपण "बंद कर" म्हणतो तेव्हा मुलाला ऐकू येतं "मित्रांना सोडून दे". सामना मध्येच सोडणं म्हणजे कबड्डीत चढाई अर्धी टाकून घरी जाणं. पाच मिनिटांची ती मागणी दर वेळी बहाणाच असते असं नाही, कधी खरंच सामना संपत आलेला असतो.

कंपन्या हे का करतात? खेळ फुकट आहे. बहुतेक खेळाडू एक रुपयाही देत नाहीत. खर्च निघतो तो पैसे देणाऱ्या थोड्यांकडून, आणि ते थोडे टिकावेत म्हणून बाकीच्यांची गर्दीही टिकावी लागते. रिकाम्या मंडईत कोण दुकान लावेल? सण हे गर्दी परत आणण्याचं हुकमी निमित्त. जुनं उदाहरण सांगतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा अमेरिकी खेळ २००४ मध्ये आला आणि त्यात हिवाळी सण, झाडाखालच्या भेटवस्तू हे दर डिसेंबरला ठरलेलं. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीच्या क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये २०१२ पासून दर डिसेंबरला खेळाडूच्या गावात नाताळचं झाड उगवतं, दर वर्षी वेगळं. तोडलं तर थोडं बक्षीस, पण जुने खेळाडू ते तोडत नाहीत. कोणाच्या गावात किती जुनं झाड उभं आहे यावर त्याचा मान ठरतो. मला ही कल्पना आवडते, खोटं कशाला बोलू. फौजी या आपल्याकडच्या खेळाची झलक २०२० च्या दसऱ्याला आली आणि खेळ २६ जानेवारी २०२१ ला. मुहूर्त पाहण्यात कोणीच मागे नाही.

आपल्याकडे दिवाळीत आणखी तीन गोष्टी जुळून येतात. सुट्टी असते. भाऊबीजेची, पाहुण्यांनी हातावर ठेवलेली नोट मुलाजवळ असते. आणि धान निघायच्या दिवसांत घरात थोडाफार पैसा हलत असतो, तो आता बापाच्या मोबाइलमधूनच हलतो. यूपीआयचा पिन घरात कोणाला सगळ्यात चांगला पाठ असतो? पोराला. कारण "बेटा, एवढं पाठवून दे ना" म्हणून आपणच तो सांगितलेला असतो.

गणिताच्या शिक्षकांसाठी इथे एक उत्तम पाठ दडला आहे. दहावीच्या बीजगणितात संभाव्यता आहेच. समजा एखाद्या पेटीतून हवा तो पोशाख निघण्याची शक्यता १ टक्का आहे. मुलांना विचारा, शंभर वेळा पेटी उघडली तर? बहुतेक वर्ग एका सुरात म्हणेल, "मिळणारच." मग करायला लावा. एका वेळी न मिळण्याची शक्यता ०.९९. शंभर वेळा न मिळण्याची ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. चाळीस मुलांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या तरी साधारण पंधरा जण रिकाम्या हाताने परततील. दोनशे वेळा उघडली तरी दर शंभरातले तेरा जण कोरडेच.

लहान वर्गांना घात जमत नसतील तर डब्यात दहा चिठ्ठ्या टाका, एकीवर दिवा काढा. प्रत्येकाने दहादा चिठ्ठी काढायची, बघायची, परत टाकायची. चाळीसच्या वर्गात चौदाएक मुलांना दिवा दिसणारच नाही. आठ-नऊ वेळा हुकलेला मुलगा "आता तर लागणारच" म्हणेल, तेव्हा थांबवा आणि विचारा, डब्याला काय ठाऊक तू किती वेळा हुकलास ते? (काही खेळांत अमुक वेळा हुकल्यावर बक्षीस नक्की देतात. ते नियमांत लिहिलेलं असतं. ते शोधून वाचणं हाही गृहपाठ होऊ शकतो.)

दुसरा प्रकार वाढत्या किमतीचा. आठ बक्षिसं, निघालेलं पुन्हा निघत नाही, म्हणजे शेवटी सगळी मिळतातच. समजा फेऱ्यांचे भाव ९, १९, ३९, ६९, ९९, १४९, १९९ आणि ४९९ हिरे. पहिल्या चार फेऱ्यांना मिळून १३६ लागतात, शेवटच्या एकट्या फेरीला ४९९. एकूण १,०८२. मूल "फक्त नऊ हिऱ्यांना आहे" म्हणून आत जातं आणि सहाव्या फेरीला "एवढे घातले, आता मागे कसं फिरू" इथे अडकतं. आठवीचा विद्यार्थी ही बेरीज सहज करतो. त्याला कोणी करायला सांगितलेली नसते, एवढंच.

आता कायद्याचं. पालक विचारतात, "सर, हे गेम बंद झाले ना?" २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी घातली आहे ती पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ त्यात वेगळे ठेवले आहेत. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण त्याचं मॅक्स हे रूप चालू राहिलं. बीजीएमआय २०२३ मध्ये परतला तो अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास अशी मर्यादा घेऊन. मुलाने वय वडिलांचं टाकलं असेल तर ती मर्यादा लागूच होत नाही, तेव्हा खात्यातलं वय एकदा बघा. चीनने सप्टेंबर २०२१ पासून याहून कडक नियम केला. अल्पवयीन मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढाच एक तास.

'आजच शेवटची संधी' या पाटीबद्दलही नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांची यादी काढली, त्यात खोटी घाई दाखवणं ही एक आहे. इव्हेंट खरोखर त्या तारखेला संपत असेल तर ती घाई खोटी ठरत नाही. पण 'पुन्हा कधीच नाही' म्हणून विकलेली वस्तू चार महिन्यांनी परत आली तर? मुलांना याची नोंद वहीत ठेवायला सांगा. काय आलं, कधी गेलं, परत कधी आलं. वर्षभराची अशी नोंद दहा उपदेशांपेक्षा जास्त काम करते.

घरी काय करायचं? मोबाइल हिसकू नका, आधी शेजारी बसा आणि इव्हेंटचं पान उघडायला सांगा. संपण्याची तारीख विचारा आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, लक्ष्मीपूजनाच्या रकान्याजवळ लिहायची असली तरी लिहा. रोजची कामं किती वेळाची आहेत ते पोरालाच सांगू द्या आणि तेवढा वेळ, सामना पुरा होईल असा, ठरवून द्या. फराळ, मंडई, मामाचं गाव यांच्या वेळा आधी धरा आणि उरलेल्यात इव्हेंट बसवा. मुलं या हिशोबाला तयार होतात, कारण त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी इव्हेंट म्हणजे काय ते विचारलेलं असतं.

पैशांच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालक-शिक्षकांसाठी सूचना काढल्या होत्या, त्यात ज्या मोबाइलवर खेळतात त्यावरून थेट खरेदी होऊ देऊ नका, कार्ड जोडून ठेवू नका, दर व्यवहाराला कमाल मर्यादा ठेवा, असं स्पष्ट आहे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय आहे, ती चालू करा. यूपीआय पिन बदला आणि या वेळी कोणाला सांगू नका. दुकानातून रोख देऊन घेतलेल्या रिडीम कोडला पिन लागत नाही, त्यामुळे ओवाळणीच्या नोटा कुठे गेल्या ते प्रेमाने विचारत चला.

सणात 'फुकट हिरे' देणाऱ्या लिंकही फिरतात. मुलांना दोन गोष्टी पाठ करून द्या. काही मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि ओटीपी मागणारा माणूस बक्षीस देणारा नसतो.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर मारझोड करण्याआधी जीमेल उघडा. प्ले स्टोअरवरून झालेल्या खरेदीची पावती तिथे येते, त्यावर ऑर्डर क्रमांक असतो. घरातल्या मुलाने चुकून खरेदी केली असेल तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परताव्याची विनंती करता येते. त्यानंतर खेळाच्या कंपनीकडे लिहावं लागतं. पैसे अनोळखी माणसाने लिंकवरून काढले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. खरेदीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे. ही माहिती पालकसभेच्या फळ्यावर दिवाळीच्या सुट्टीआधी लिहून ठेवलीत तर बरं, कारण सुट्टीत शाळा बंद असते आणि इव्हेंट चालू.