आकस्मिक प्रसंगातील शुश्रूषा : कोणास काय व कसे शिकवावे

खेडेगावात एखाद्यावर अचानक जिवावरचा प्रसंग ओढवतो तेव्हा डॉक्टर जवळ नसतो. जवळ असते ती घरची म्हातारी, शेजारचा गडी आणि पुष्कळदा शाळेत जाणारे एखादे मूल. प्रसंग घडल्यापासून रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात या मंडळींनी काय केले व काय करण्याचे टाळले, यावर रुग्णाचे जगणे-मरणे अनेकदा अवलंबून असते. मण्यार या सापाचे उदाहरण घ्यावे. जमिनीवर अंथरूण घालून निजलेल्या माणसास ती रात्री चावते. तिचे दात बारीक असतात. दंशाच्या जागी सूज नसते, वेदनाही फारशी होत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, घोट गिळवत नाही आणि अखेरीस श्वास चालविणारे स्नायूच निकामी होतात. ‘रात्री काही चावले होते काय?’ हा प्रश्न त्या पहाटे ज्याला सुचेल, तोच त्या घरातील पहिला वैद्य. तो सातवीत शिकणारा मुलगाही असू शकतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाकाठी सरासरी ५८ हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलेला आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती.

अशा प्रसंगी सामान्य माणसाने करावयाच्या गोष्टी तशा थोड्या आहेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरणे, भाजलेल्या भागावर सुमारे वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडणे, फिट आलेल्यास कुशीवर वळवून त्याच्या तोंडात काही न घालणे, विजेचा धक्का बसलेल्यास शिवण्यापूर्वी मुख्य बटण बंद करणे, एवढ्या सांगण्यास पाव तासही लागत नाही. अडचण ज्ञानाची नाही, ते पोचविण्याची आहे. पहिलीतील मूल, सातवीतील मुलगी, निरक्षर आजी आणि जीपगाडीचा चालक या चौघांस एकच तक्ता दाखवून एकच व्याख्यान दिले, तर चौघेही माना डोलावतात आणि प्रसंग आला म्हणजे चौघेही जागच्या जागी उभे राहतात. ‘प्रथमोपचार म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर वर्गात खडाखडा देणाऱ्या विद्यार्थ्याचा हात मात्र हालत नाही, कारण परीक्षा व्याख्येची झालेली असते, हाताची नव्हे.

या बाबतीत बांगलादेशातील एक प्रयोग शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. हगवणीने लहान मुलाच्या अंगातील पाणी व क्षार निघून जातात आणि काही तासांत ते दगावू शकते. मीठ, साखर व पाणी यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण तोंडावाटे देऊन हे टाळता येते, ही गोष्ट १९७१ च्या युद्धकाळात डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत मोठ्या प्रमाणावर सिद्ध केली होती. पण ते प्रमाण लाखो निरक्षर मातांना शिकवावे कसे? ब्रॅक या संस्थेने १९८० पासून हे काम हाती घेतले. तिच्या कार्यकर्त्या स्त्रिया घरोघर गेल्या. त्यांनी मापाचे भांडे दिले नाही की छापील कागद वाटला नाही. तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढे मीठ, मुठीत मावेल तेवढा गूळ आणि अर्धा शेर पाणी, असे माप त्यांनी ठरविले. माप बाईच्या हातातच होते, ते हरवण्याचा प्रश्न नव्हता. प्रत्येक मातेने कार्यकर्तीच्या देखत ते मिश्रण स्वतः करून दाखवावयाचे आणि दहा मुद्दे तोंडी सांगावयाचे. सुमारे महिन्याभराने दुसराच तपासनीस येऊन शिकलेल्यांपैकी काही घरे निवडी, मातेला प्रश्न विचारी, मिश्रण करावयास लावी आणि त्याचा नमुना तपासणीसाठी नेई. मातेच्या हाताला जेवढे आले असेल, त्या मानाने कार्यकर्तीस वेतन मिळे. मातांना शिकविण्यात त्रुटी राहिली तर तिचा भुर्दंड शिकविणारीवर पडे! ही रीत शाळांना जशीच्या तशी लागू करावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु तीमागचा विचार मोलाचा आहे.

या प्रयोगात एक अनपेक्षित अडथळाही आला. माता मिश्रण बिनचूक करीत. पण मूल खरोखर आजारी पडले की फार थोड्या जणी ते देत. शोध घेता असे दिसून आले की शिकविणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता आणि स्वतःच्या घरी त्या वेगळेच औषध देत असत. ऐकणाऱ्यास शिकविणाऱ्याचे मन कळते. दुसरी उणीव अशी की घरातील पुरुषांना यात वगळले होते, आणि औषधासाठी पैसा काढणारा, निर्णय घेणारा तर पुरुषच होता. मग कार्यकर्त्यांना रुग्णालयात नेऊन या उपायाने बरे होणारे रुग्ण प्रत्यक्ष दाखविण्यात आले. बाजारात, मशिदीत, शाळेत पुरुषांच्या सभा झाल्या. १९९० पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख घरांपर्यंत हे शिक्षण पोचले. (आज आपल्याकडे आशा कार्यकर्तीकडे व अंगणवाडीत क्षारसंजीवनीची तयार पुडी मिळते, म्हणून शाळेत तीच एक लिटर पाण्यात विरघळवावयास शिकवावी. मीठ अंदाजाने जास्त पडणे बालकास घातक असते.)

महाराष्ट्रातही याच जातीचे उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांना गावच्या सुइणींकडून मुलांचा न्यूमोनिया ओळखून घ्यावयाचा होता. मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो हे मोजावे लागते. दोन महिन्यांच्या आतील मुलात साठ किंवा अधिक आणि त्याहून मोठ्या तान्ह्या मुलात पन्नास किंवा अधिक ही धोक्याची खूण. परंतु या सुइणींना बारापलीकडे मोजता येत नव्हते. सामान्य शिक्षक म्हणाला असता की अगोदर यांना शंभरपर्यंत अंक शिकवा. बंग दांपत्याने तसे न करता मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी असे साधे उपकरण बनविले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला की न्यूमोनिया समजावा. वर्गातील मणिचौकटीचाच हा भाऊ म्हणावयाचा. पुढे त्याच जिल्ह्यातील ३९ गावांत अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात अर्भकांची घरीच काळजी घेण्याचे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बालकास श्वास देण्याचेही, शिक्षण देण्यात आले. तेथे हजार जन्मांमागे ६२ असलेले अर्भकांचे पहिल्या महिन्यातील मृत्यू तीन वर्षांत २५ च्या आसपास आल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. शिकणारा कमी पडत होता तेथे शिकणाऱ्याला दोष न देता साधन बदलले, हे यातील मर्म.

आता शाळेतील मुलांविषयी. हृदयक्रिया अकस्मात बंद पडली तर चार-पाच मिनिटांत मेंदूस इजा होऊ लागते. छातीवर बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे अमेरिकेतील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनी १९६० साली मांडले. त्यास दोन हातांवाचून दुसरे साधन लागत नाही. त्याच साली नॉर्वेमधील आस्मुंड लेर्दाल नावाच्या खेळणी बनविणाऱ्या कारखानदाराने ही क्रिया शिकण्यासाठी माणसाएवढी बाहुली तयार केली. जिवंत, धडधाकट माणसाच्या छातीवर हा सराव करणे धोक्याचे असते, म्हणून बाहुली. वर्गात मुलांनी एकमेकांच्या छातीवर दाब देऊन पाहणे शिक्षकाने कटाक्षाने थांबवावे. मुलांना ते करून पाहण्याचा मोह होतोच. बाहुली मिळणे शक्य नसेल तेथे चिंध्या ठासून भरलेले गोणपाटाचे पोते चालते. दाबाची खोली त्यावर नेमकी कळत नाही, पण हातांची ठेवण, कोपर ताठ ठेवणे व लय या तीन गोष्टी अंगवळणी पडतात.

प्रौढ माणूस हाक मारून व खांदे हालवून प्रतिसाद देत नाही, श्वास चालत नाही किंवा मधूनमधून नुसते आचके येतात, अशा वेळी छातीच्या मध्यभागी तळहाताचा मागचा भाग ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावयाचा असतो. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. आचके म्हणजे श्वास नव्हे, ही गोष्ट मुलांना नक्कल करून दाखवावी; पुष्कळ रुग्ण केवळ या गैरसमजामुळे मदतीवाचून राहतात. लयीसाठी सेकंदाला दोन टाळ्यांपेक्षा किंचित संथ ठेका सर्व वर्गाने धरावा. ज्याला लेझीम खेळता येते त्याला ही लय अवघड नाही.

हे कोणत्या वयात शिकवावे? ऑस्ट्रियात ९ ते १८ वर्षांच्या मुलांना शिकवून काही महिन्यांनी पाहण्यात आले तेव्हा कृतीचा क्रम लहानांच्याही ध्यानात राहिला होता. दाब पुरेसा पडणे मात्र वयापेक्षा शरीराच्या वजनावर अवलंबून होते. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने पाठिंबा दिलेल्या निवेदनात बाराव्या वर्षापासून दरवर्षी दोन तास हे शिक्षण शाळेत द्यावे, अशी शिफारस आहे. डेन्मार्कमध्ये २००५ पासून ते शाळांत सक्तीचे झाले व वाहन-परवाना घेणाऱ्यांनाही देण्यात आले. तेथे अशा रुग्णाला जवळच्या माणसांनी दाब देण्याचे प्रमाण २००१ साली शेकडा २१ होते, ते २०१० साली शेकडा ४५ वर गेले. महिनाभर जगलेल्यांचे प्रमाण शेकडा साडेतीनवरून जवळजवळ अकरावर आले. सारे श्रेय शाळेचे नाही, इतरही सुधारणा झाल्या. तथापि शाळेचा वाटा त्यात आहे.

यावरून काम वाटून देता येते. पहिली-दुसरीच्या मुलाने रुग्णाला हाक मारावी, मोठ्या माणसास बोलवावे आणि १०८ क्रमांक फिरवून गावाचे नाव सांगावे, इतके पुरे. पण ‘वडगाव’ एवढेच सांगून भागत नाही. वडगावे पुष्कळ आहेत. तालुका, जिल्हा आणि देऊळ किंवा पाण्याची टाकी यांसारखी ठळक खूण मुलाने सांगितली पाहिजे व समोरचा माणूस म्हणेपर्यंत फोन ठेवता कामा नये. एक मूल फोनवर, दुसरे पाठीमागे बसून १०८ चा माणूस, असा खेळ वर्गात सहज होतो. विहिरीत किंवा ओढ्यात बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी लहानांनी उडी घालू नये. दोर, फांदी, रिकामी घागर टाकावी आणि ओरडावे. धाडसाची गोष्ट सांगताना शिक्षकाने नेमके येथे सावध असावे.

प्रौढांचे शिक्षण याहून कठीण, कारण त्यांना शिकण्याआधी विसरावे लागते. साप चावला की दोरीने करकचून बांधणे, चिरा घेणे, तोंडाने विष ओढणे या रूढी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर प्रतिविषाच्या लशीवाचून उतारा नाही. म्हणून रुग्णाला धीर द्यावा, हातपाय हालू न देता फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठ्या-जोडवी काढावीत आणि वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. बांधल्याने रक्तप्रवाह थांबून अवयव कामातून जाऊ शकतो, हे आजीला पटविण्यासाठी तिच्या बोटाला क्षणभर दोरा गुंडाळून काळेनिळे झालेले बोट तिलाच दाखवावे. शंभर शब्दांचे काम तेथे होते. गावातील भगताची टवाळी करू नये. त्याच्याकडे प्रथम आलेला रुग्ण त्यानेच गाडीत बसवून पाठवावा, एवढे त्याच्याकडून मिळाले तरी पुष्कळ झाले. लस व कृत्रिम श्वासयंत्र जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे, याची चौकशी पावसाळ्यापूर्वी करून ते नाव शाळेच्या फळ्यावर कायम लिहिलेले असावे.

गाडीचालकाची अडचण अज्ञानाची नसते, भीतीची असते. अपघातातील जखमीला उचलले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, असे त्याला वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदतकर्त्यांस संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही. साक्षीदार होणे वा नाव सांगणेही त्याच्या इच्छेवर आहे. त्याला जखमांचे प्रकार सांगत बसण्यापेक्षा हे एक वाक्य अगोदर सांगावे.

पाठ झाल्यावर महिन्याने, पूर्वसूचना न देता, वर्गातील दहा मुले निवडावीत. प्रत्येकास पोत्यापाशी एकेकटे बोलवावे, इतरांनी पाहू नये. काही न विचारता ‘हा माणूस आत्ताच कोसळला’ एवढेच म्हणावे आणि मूल काय करते ते पाहावे. त्यांपैकी चौघांनी हाक मारण्याआधीच दाब देण्यास सुरुवात केली, किंवा हात पोटावर ठेवले, तर तो पाठ पुन्हा घ्यावा लागेल, आणि या खेपेस तक्त्याऐवजी पोते पुढे आणावे. जाताना त्याच दहा मुलांना आणखी एक विचारावे : हे घरी कोणाला करून दाखविले?