एकाच किल्लीवर विसंबू नये

लहान व्यवसायाची संगणकीय सुरक्षितता हा विषय या व्याख्यानमालेस काहीसा अनोळखी वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी इंदूरच्या सियागंजात, कापड बाजारात किंवा घरालगतच्या छोट्या कारखान्यात उद्योग करीत आहेत आणि त्यांची खातेवही आता संगणकात गेली आहे. ती नाहीशी झाली, तर कोणाकडून किती येणे आहे हेच सांगता येणार नाही. मोठी कंपनी असा आघात सोसू शकते. ज्या दुकानातील चार नोकरांचे पगार उधारीच्या वसुलीतून निघतात, त्या दुकानाला तो सोसवत नाही.

‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?’ असे लहान व्यापारी मला नेहमी विचारतात. बहुतेक हल्ले माणूस पारखून होत नाहीत. रात्री घरोघरच्या कड्या हलवून पाहणाऱ्या चोराप्रमाणे ते यंत्राकरवी सरसकट होतात. खंडणीखोर प्रोग्राम आत शिरला, की संगणकातील फायली सांकेतिक रूपात कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. त्या फायली चोराच्या काही कामाच्या नसतात; मालकाचे त्यांच्यावाचून अडते, एवढे त्याला पुरे असते.

यावरील उपायांचे सूत्र आपल्या जुन्या पेढ्यांना ठाऊक होते. कोणत्याही एकाच गोष्टीवर विसंबू नये, हे ते सूत्र होय.

प्रथम, एकाच प्रतीवर विसंबू नये. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार त्याने ठप्प केला. मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीच्या जाळ्यातील वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर पुसले गेले. घानामधील एक तेवढा वाचला, कारण तेथील वीज गेल्यामुळे तो त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. जे योजनेने व्हावयास हवे होते, ते योगायोगाने झाले. म्हणून हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक दुकानाबाहेर असावी. नक्कल घेतल्यावर बाहेरील डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली, तर मूळ फायलींबरोबर तीही कुलूपबंद होते.

दुसरे, एकाच किल्लीवर विसंबू नये. एखाद्या संकेतस्थळावरून फुटलेला पासवर्ड चोर इतर ठिकाणी लावून पाहतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी पासवर्ड निराळा आणि लांब असावा. सर्वाधिक जपावा तो ईमेलचा, कारण इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तेथेच येतात. तेथे दुहेरी पडताळणी अवश्य चालू करावी, म्हणजे पासवर्ड फुटला तरी दुसरा सांकेतिक अंक लागतो. तो अंक कोणालाही सांगू नये. नोकरांना एकच खाते वापरू न देता प्रत्येकास कामापुरते स्वतंत्र खाते द्यावे, आणि कोणी नोकरी सोडली की त्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे.

तिसरे, एकाच निरोपावर विसंबू नये. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असा ईमेल आला, तर त्यातील क्रमांकावर नव्हे, आपल्याकडील जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारावे. यूपीआयने पैसे स्वीकारताना पिन कधीही घालावा लागत नाही. तो मागितला गेला, तर पैसे जाणार हे निश्चित समजावे. आपल्याच प्रांतातील खजुराहो येथे जानेवारी २०२५ मध्ये काही दुकानांबाहेरील क्यूआर कोड रातोरात बदलण्यात आले व ग्राहकांचे पैसे भलत्याच खात्यात गेले. सकाळी दुकान उघडताना त्या कोडवरून आपलेच नाव येते की नाही, हे पाहण्यास एक मिनिट पुरते.

या तिन्हींना वेळच्या वेळी डागडुजीची जोड हवी. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक ज्या छिद्रातून गाठले, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांच्याकडे चोर त्याच वाटेने शिरला. विंडोज १०ला मिळणाऱ्या नियमित मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, हेही ध्यानात घ्यावे.

इतके करूनही पैसे गेलेच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे. रक्कम पुढील खात्यांत पांगण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच ती रोखता येण्याची आशा असते.

यांपैकी बहुतेक उपायांना पैसा लागत नाही, नेम लागतो. येत्या सुटीच्या दिवशी दुकानातील संगणक बंद पडला आहे असे समजावे आणि केवळ नकलेवरून एका ग्राहकाची उधारी दुसऱ्या संगणकावर काढून पाहावी. ती निघाली नाही, तर आपली नक्कल अद्याप नावापुरतीच आहे असे समजावे.