सांगली-साताऱ्याहून मुलांसह मुंबई
मे महिन्यात पोरांना मुंबई दाखवायचीय? मग महालक्ष्मी एक्स्प्रेसच! रात्री मिरज, सांगली, कराड किंवा साताऱ्याला चढा, सकाळी सीएसएमटी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच बसा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ हवा तर तिकीट पूर्ण. सातारकरांनो, स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे. रिक्षा आधीच सांगून ठेवा.

पहिला मान राणीच्या बागेला. सीएसएमटीहून धीम्या लोकलने तिसरं स्टेशन भायखळा. हम्बोल्ट पेंग्विन गारव्यात, आपण मात्र घामाघूम! म्हणून सकाळीच उरका. बाग बुधवारी बंद; घारापुरीची लेणीही बघायची असतील तर ती सोमवारी बंद. दुपारी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. गिरगाव चौपाटी ऊन उतरल्यावरच, त्याआधी वाळू पोळते.