टपालयादीचा कारभारी

शाळेतील सूचनावही आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मुख्याध्यापक सूचना लिहितात, शिपाई वही घेऊन वर्गावर्गांतून फिरतो आणि प्रत्येक शिक्षक वाचून सही करतो. ज्याची सही राहिली तो रजेवर आहे किंवा बदली होऊन गेला आहे, हे वहीवरूनच कळते. सूचना एक, वाचणारे अनेक आणि ती कोणाला मिळाली याची नोंद, अशी ही साधी व्यवस्था आहे.

संगणकांच्या जाळ्यावर हेच काम करणाऱ्या आज्ञावलीला टपालयादीचा सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर कसा चालतो, आज्ञा टंकून त्याचा कारभार कसा करतात आणि त्या कारभाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हे या लेखात पाहू.

एक पत्ता, साठ वाचक

मुंबईत घोडपदेव, भायखळा, कॉटन ग्रीन या परिसरातील शाळांतून विज्ञान शिकविणाऱ्या ६० शिक्षकांनी आपसांत प्रयोगांची व प्रश्नांची देवाणघेवाण करायची ठरविली, असे समजू. प्रत्येकाने इतरांचे ५९ पत्ते स्वतःजवळ ठेवले तर काय होईल? एका शिक्षिकेचा पत्ता बदलला, की ५९ ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल. काहींची दुरुस्ती राहून जाईल. थोड्याच दिवसांत साठ जणांच्या साठ याद्या एकमेकींशी जुळेनाशा होतील. शिवाय प्रत्येकाचा पत्ता सर्वांना उघड होईल तो वेगळाच.

टपालयादीत एकच नोंदवही असते आणि ती सर्व्हरवर असते. यादीला स्वतःचा एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर पत्र आले, की सर्व्हर प्रथम पाठविणारा सदस्य आहे का ते पाहतो. नंतर पत्राच्या विषयाआधी यादीचे नाव जोडतो, शेवटी सदस्यत्व सोडण्याची सूचना लिहितो आणि नोंदवहीतील प्रत्येक पत्त्यावर प्रत रवाना करतो. ज्यांना रोज दहा पत्रे नको असतात त्यांच्यासाठी दिवसभराच्या पत्रांचा एकच गठ्ठा बांधण्याचीही सोय असते.

पत्राला दोन पत्ते असतात, हे येथे लक्षात घ्यायला हवे. एक आत, कागदावर लिहिलेला, आणि दुसरा पाकिटावर. टपालयादीतून निघालेल्या पत्रात आतील ‘प्रेषक’ म्हणून मूळ लेखकाचे नाव राहते, पण पाकिटावरील परतीचा पत्ता सर्व्हरचा असतो. त्यामुळे न पोचलेली पत्रे लेखकाकडे न जाता सर्व्हरकडे परत येतात. पुढील बराचसा भाग या एका युक्तीवर अवलंबून आहे.

जुहूपासूनची वाट

भारतात संगणकीय टपालाचा आरंभ ज्या ठिकाणी झाला त्यांत मुंबईचे स्थान महत्त्वाचे आहे. १९८६ साली ‘अर्नेट’ हा शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणारा प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्याबरोबर जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, सहभागी होते. या केंद्राचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी यांचा २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये १९८६-८७ च्या सुमारास टेलिफोनच्या तारेवरून टपालाची देवघेव सुरू झाली. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते पुष्कळ नंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत.

तारेची क्षमता तुटपुंजी असताना टपालयादी फार उपयोगी होती. टपाल पाठविण्याच्या नियमांत अशी सोय आहे, की एका संस्थेतील दहा जणांना जाणारे पत्र वाटेत एकदाच पाठवायचे आणि सोबत दहा नावे कळवायची. दहा प्रती पलीकडच्या संगणकावर होतात. पुण्याहून मुंबईला दहा मासिके एकाच गठ्ठ्यात यावीत आणि येथे वाटली जावीत, तसाच हा प्रकार.

आरंभी जगभर याद्यांच्या नोंदी माणसेच हाताने करीत. सदस्य व्हायचे तर कोणातरी व्यवस्थापकाला पत्र लिहावे लागे आणि सवड मिळेल तेव्हा तो नाव घाली. १९८६ साली पॅरिसमध्ये एरिक टॉमस या विद्यार्थ्याने ‘लिस्टसर्व्ह’ ही आज्ञावली लिहून हे काम संगणकावर सोपविले. १९९२ साली ब्रेंट चॅपमन यांची ‘मेजरडोमो’ आली. या शब्दाचा अर्थच मोठ्या घराचा कारभारी असा आहे. त्यानंतर जॉन व्हिएगा यांनी सुरू केलेली आणि पुढे बॅरी वॉर्सा व इतरांनी वाढविलेली ‘मेलमन’ ही मुक्त आज्ञावली सर्वत्र पसरली. मराठी विकिपीडिया ज्या विकिमीडिया संस्थेच्या छत्राखाली चालतो, तिच्या याद्याही मेलमनवरच चालतात. २०२१ साली त्या मेलमनच्या तिसऱ्या आवृत्तीवर नेण्यात आल्या.

आज्ञा टंकून कारभार

मेलमनचा कारभार वेबपानावरील चौकटी भरूनही करता येतो. एक-दोन नावे बदलायची असतील तर तेच सोयीचे. पण शाळा सुरू होताना चाळीस नवी नावे घालायची असतील, तर सर्व्हरवर प्रवेश करून काळ्या पडद्यावर आज्ञा टंकणे अधिक सोपे आणि बिनचूक ठरते. आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. नावे दुसऱ्या आवृत्तीतील आहेत. तिसऱ्या आवृत्तीत ‘मेलमन’ हा शब्द टंकून त्यापुढे कामाचे नाव लिहितात.

‘लिस्ट मेंबर्स’ या आज्ञेपुढे यादीचे नाव लिहिले, की सर्व सदस्यांचे पत्ते ओळीने पडद्यावर येतात. ‘अॅड मेंबर्स’ ही आज्ञा एखाद्या फायलीतील सर्व पत्ते एकदम दाखल करते. ‘रिमूव्ह मेंबर्स’ वगळते. ‘फाइंड मेंबर’ एखादा पत्ता कोणकोणत्या याद्यांत आहे ते शोधून देते. ‘कॉन्फिग लिस्ट’ यादीचे सर्व नियम एका फायलीत उतरवून ठेवते. या आज्ञा एकमेकींना जोडताही येतात. पहिलीचे उत्तर थेट ओळी मोजणाऱ्या आज्ञेकडे वळविले, तर सदस्यसंख्या एका क्षणात कळते.

यांतील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत धोक्याची आज्ञा म्हणजे ‘सिंक मेंबर्स’. तिला आपण एक फाइल देतो. फायलीत आहेत पण यादीत नाहीत, ते पत्ते ती घालते आणि यादीत आहेत पण फायलीत नाहीत, ते वगळते. दरवर्षी शिक्षकांची नवी यादी तयार करून ही एकच आज्ञा दिली, की काम संपले. आता असे समजू, की फाइल उतरवून घेताना अर्धवट राहिली आणि ६० पैकी २० च ओळी आल्या. आज्ञा दिलेले काम चोख बजावील आणि ४० शिक्षकांना यादीतून काढून टाकील. ‘आपली खात्री आहे ना?’ असे ती विचारणार नाही. वगळलेल्यांना निरोपाचे पत्र जाऊ नये अशी व्यवस्था असेल, तर आपल्याला पत्रे येणे बंद झाले आहे हे त्यांना बरेच दिवस कळणारही नाही.

यावरचा उपाय त्या आज्ञेतच आहे. तिच्यापुढे एक आडवी रेघ व ‘एन’ हे अक्षर लिहिले, तर ती काहीही न बदलता कोणाला घातले असते आणि कोणाला वगळले असते एवढेच सांगते. म्हणून जाणता कारभारी चार पायऱ्या चुकवीत नाही. आधी सध्याची यादी फायलीत उतरवून ठेवायची, नंतर ‘एन’ लावून काय होईल ते पाहायचे, मग प्रत्यक्ष आज्ञा द्यायची आणि शेवटी सदस्य पुन्हा मोजायचे. प्रयोगशाळेत आम्ल ओतण्यापूर्वी बाटलीवरील चिठ्ठी वाचण्याची शिस्त आपण मुलांना लावतो, ती याच जातीची आहे.

न पोचलेल्या पत्रांचा हिशेब

सूचनावहीत सही राहिली, की आपण कारण शोधतो. सर्व्हरही शोधतो. पत्र घेणाऱ्या संगणकाने ४ ने सुरू होणारा तीन अंकी संकेत पाठविला, तर अडचण तात्पुरती आहे. ५ ने सुरू होणारा असेल, तर नकार कायमचा आहे. मेलमनच्या दुसऱ्या आवृत्तीत मुळात दिलेले नियम असे: कायमच्या नकाराला १ गुण आणि तात्पुरत्याला अर्धा. एका दिवशी एकदाच गुण मोजायचा. सात दिवसांत नवा नकार आला नाही, तर जुने गुण पुसायचे. ५ गुण भरले, की त्या सदस्याची पत्रे थांबवायची. मग सात-सात दिवसांच्या अंतराने तीन इशारे देऊन त्याला यादीतून काढायचे.

हा नियम न्याय्य वाटतो. पण तो एका गृहीतकावर उभा आहे, की पत्र नाकारले गेले तर दोष घेणाऱ्याच्या पत्त्यात आहे. एप्रिल २०१४ मध्ये हे गृहीतक जगभर एकदम कोसळले.

त्या वेळी याहूच्या ग्राहकांच्या नावाने बनावट पत्रे पाठविण्याचे प्रकार वाढले होते. म्हणून याहूने जाहीर केले, की आमच्या ग्राहकाचे नाव प्रेषक म्हणून असेल, पण पत्र आमच्या सर्व्हरवरून आलेले नसेल आणि आमची संगणकीय सहीही जुळत नसेल, तर ते नाकारावे. त्याच महिन्यात एओएलनेही तसेच केले. टपालयादी नेमक्या याच दोन गोष्टी करते. ती पत्र स्वतःच्या पाकिटातून पाठविते, आणि विषयात यादीचे नाव व शेवटी सूचना जोडल्यामुळे मूळ सही मोडते.

आता आपल्या ६० शिक्षकांकडे पाहा. याहूचा पत्ता असलेल्या एका शिक्षिकेने प्रश्न विचारला. हा नियम पाळणाऱ्या जीमेलसारख्या सेवांनी ते पत्र नाकारले. सर्व्हरने नकाराचा गुण मांडला, पण तो तिच्या नावावर नव्हे, तर जीमेलवरील सर्व वाचकांच्या नावांवर. असे प्रश्न वेगवेगळ्या पाच दिवशी आले, की त्या सर्वांची पत्रे बंद. लिहिणारी निर्दोष, वाचणारे निर्दोष, यंत्राने नियमही तंतोतंत पाळलेला, आणि तरीही मंडळ मोडकळीस आले.

अशा वेळी कारभारी उपयोगी पडतो. ‘लिस्ट मेंबर्स’ला पत्रे थांबविलेल्यांचीच नावे विचारता येतात, आणि त्यांतही नकारामुळे थांबविलेल्यांची वेगळी. जो स्वतःहून सुटीवर गेला आणि ज्याला यंत्राने थांबविले, त्यांतील फरक त्यामुळे राखता येतो. ‘विदलिस्ट’ ही आज्ञा संपूर्ण यादी पायथन भाषेत उघडते. तेथे चार ओळी लिहून शेकडो निर्दोष सदस्यांचे गुण एकदम पुसता येतात. मे २०१४ मध्ये मेलमनच्या नव्या आवृत्तीत, अशा पत्रांवर मूळ लेखकाऐवजी ‘अमुक यांच्याकडून, यादीमार्फत’ असे लिहिण्याची सोय झाली. आजही अनेक याद्यांच्या पत्रांवर प्रेषकाच्या नावापुढे ‘मार्फत’ या अर्थाचा इंग्रजी शब्द दिसतो, तो तेव्हापासूनचा.

वर्गात करून पाहा

हे सारे संगणकाशिवायही वर्गात दाखविता येईल. एका विद्यार्थ्याला सर्व्हर करा आणि त्याच्याजवळ दहा जणांची नोंदवही द्या. कोणीही चिठ्ठी दिली, की त्याने दहा प्रती करून वाटाव्यात. दोघांना गुपचूप सांगून ठेवा, की कोणतीही चिठ्ठी मिळाली, अगदी स्वतःचीच परत आली तरी, ‘मी रजेवर आहे’ असे उत्तर यादीच्या पत्त्यावर पाठवायचे. पहिल्या चिठ्ठीला २ उत्तरे येतील, ती सर्वांना जातील, मग ४, मग ८. दहाव्या फेरीत १,०२४ उत्तरे होतील. साठ जणांच्या यादीत त्या एका फेरीत ६१,४४० पत्रे निघतील. अर्थात त्यापूर्वीच वर्गातील कागद संपतील!

आता मुलांनाच विचारा: सर्व्हरला कोणता नियम दिला तर हा पूर थांबेल? पाकिटावरील परतीचा पत्ता उपयोगी पडेल का? आणि त्यांनी सुचविलेल्या नियमाने एखादे खरे उत्तर अडविले जाईल का, हेही तपासून पाहायला सांगा.